पनवेलची घाण आणायला

लोक कोकणाकडे जातात ते समुद्र बघायला, मासे खायला, नाहीतर देवदर्शनाला. मी पनवेलला गेले होते ती घाण आणायला. हे माझ्या धाकट्या बहिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अमरावतीत कमी पडली का गं?" तिला समजावून सांगेपर्यंत तिच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि तिने फोन ठेवला. तुम्हाला मात्र समजावल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण ही सगळी हकिगतच त्या घाणीची आहे.

विजेचे मोठे मनोरे तुम्ही पाहिलेच असतील. त्यांच्या आडव्या हातांना चिनी मातीच्या चकत्यांच्या माळा लटकत असतात आणि माळेच्या टोकाला तार. तारेतली वीज मनोऱ्यात उतरू नये एवढंच त्या चकत्यांचं काम, आणि स्वच्छ असल्या तर त्या ते चोख करतात. पण खाडीकाठी खारा वारा त्यांच्यावर मिठाचा थर चढवतो. पनवेलच्या बाजूला तर तळोज्याच्या कारखान्यांची काजळी आणि धूळही त्यात मिसळते. कोरडी असेपर्यंत ही घाण कुणाचं काही वाकडं करत नाही. हिवाळ्यात पहाटे दव पडलं की मीठ विरघळतं, त्या ओल्या थरातून विजेला वाट मिळते, मोठी ठिणगी उडते आणि लाइन बंद पडते.

मी ज्या संस्थेत काम करते ती अमरावतीबाहेर एका माळावर आहे. वीज तयार करणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या कंपन्यांनी मिळून, वर्गणी काढून ती चालवली आहे. नफा कमवायचा नाही, काही विकायचं नाही. सगळ्यांना पडणारा प्रश्न एकदाच नीट सोडवायचा आणि उत्तर सगळ्यांना सारखं वाटायचं, असा तिचा रिवाज. आमच्या आजूबाजूच्या वस्तीतले लोक मात्र अजून आम्हालाच फोन करून विचारतात, लाइट कधी येईल म्हणून.

तर आमच्यापुढचा प्रश्न असा होता, की पाऊस संपल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पनवेलच्या खाडीकाठी एका चकतीवर किती मीठ बसतं? परदेशी पुस्तकांत किनाऱ्यांचे आकडे आहेत, पण त्या किनाऱ्यांना तळोजा नाही. आकडा कमी धरला तर पहाटे पहाटे लाइनी बंद पडणार. जास्त धरला तर मनोऱ्यामनोऱ्यावर नको इतक्या लांब माळा लागणार आणि त्याचा भार शेवटी तुमच्याआमच्या बिलावर येणार. म्हणून आम्ही खाडीकाठच्या एका गावात, एका घराच्या अंगणात लोखंडी मांडव उभा केला होता आणि त्याला चकत्यांच्या माळा टांगल्या होत्या. त्यांना वीज जोडलेली नव्हती. त्यांनी नुसतं लटकायचं आणि मळायचं.

कामाला दोन हंगामांची मंजुरी होती. पहिल्या हंगामात ऐन थंडीत अवकाळी पाऊस आला आणि सगळं धुऊन गेला. पावसाला काय बोलणार? राहिला दुसरा हंगाम. हाही हातचा गेला तर पनवेलचा आकडा विसरायचा, मांडव मोडून भंगारात घालायचा आणि पुस्तकातला आकडा घ्यायचा, असं वरून स्पष्ट सांगितलेलं होतं. मी या कामासाठी बैठकांमधून इतकी भांडले होते, की संस्थेत माझं नावच 'खारी मॅडम' पडलं होतं.

रोडपाली

माझ्याबरोबर बोबडे सर होते. आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने, पक्के वऱ्हाडी, पक्के शाकाहारी आणि निवृत्तीला टेकलेले. सामानात आमच्या कपड्यांपेक्षा जास्त जागा शुद्ध पाण्याच्या कॅननी घेतली होती. रिक्षावाल्याने त्या उचलताना विचारलं, "काका, इकडे पाणी मिळतं की. एवढं गावाहून कशाला आणलंत?" सर म्हणाले, "तुमच्या पाण्यात काही ना काही असते बाप्पा. आमच्या पाण्यात काहीच नाही." रिक्षावाला वाटभर त्या कॅनकडे आरशातून संशयाने बघत होता.

उतरलो ते पनवेलजवळच्या रोडपालीला, सरांच्या भाच्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. आमच्याकडे हिवाळा म्हणजे ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. इथे माघातही दुपारी घाम येत होता आणि दोरीवरचा पंचा संध्याकाळपर्यंत ओलाच होता. बाल्कनीतून मनोऱ्यांची रांग दिसत होती. शेजारच्या इमारतीतून केरळी, पंजाबी आणि घाटावरच्या अशा फोडण्यांचे वास एकाच वेळी येत होते. आमच्या गल्लीत संध्याकाळी कुणाकडे काय शिजतंय हे आम्हाला घरबसल्या कळतं. इथे भाषाच कळेना, भाजी कुठून कळणार?

सरांनी बाल्कनीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि मी नको म्हणायच्या आत ते चाटलं.

"खारट आहे जी!" त्यांचा चेहरा लग्न ठरल्यासारखा उजळला. "मॅडम, यंदा मस्त बसलं आहे."

तेवढ्यात तळोज्याकडून वारा फिरला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला. बोटाला मिठाशिवाय आणखी काय काय लागलं असेल ते सरांच्या ध्यानात आलं. मग झोपेपर्यंत ते चुळा भरत होते. मी हसून हसून बेजार झाले. त्या संध्याकाळी मी फार खूश होते. कठड्यावर इतकं बसलंय तर खाडीकाठच्या आमच्या माळांवर किती असेल, या विचाराने मला धड झोप आली नाही.

घरतांचं अंगण

गावाचं नाव सांगत नाही. पनवेलहून खाडीकडे जाताना मिठागरं लागतात, त्यांच्या कडेचं हे गाव. वस्ती आगऱ्यांची. पूर्वी भातशेती आणि मीठ, आता थोडं भात, थोडं मीठ आणि जमिनींच्या पुष्कळ गप्पा. विमानतळ येणार, येणार असं तेव्हा जो तो म्हणत होता. कुणाचं घर पत्र्याचं, तर त्याला लागून कुणाचा तीन मजली बंगला, आणि दोन्ही घरांच्या ओट्यांवर वाळत घातलेले बोंबील मात्र सारखेच.

आमचा मांडव होता दामू घरत आणि हिराबाई घरत यांच्या अंगणात. दामूबाबांनी जन्मभर मिठागरात काम केलेलं. हिराबाई साठीच्या, ठेंगण्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि चालताना कायम घाईत. मांडव उभा केला तेव्हा मी त्यांना बजावलं होतं, की याला मुलांचा चेंडू लागू देऊ नका, कपडे वाळत घालू नका, कुणाला हात लावू देऊ नका. वर्षभर त्यांनी ते इतकं कसोशीने पाळलं होतं, की गावातली पोरं त्या अंगणाला वळसा घालून जात.

आम्ही फाटकातून शिरलो आणि माझे पाय जागीच थांबले.

मांडव चकचकत होता. माळा अशा लखलखत होत्या, की दुकानातून आत्ताच आणून टांगल्यासारख्या. वरती आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं आणि प्रत्येक माळेच्या पहिल्या चकतीला हळदीकुंकवाचं बोट.

"या बाय, या साहेब!" हिराबाई हात पुसत बाहेर आल्या. "बरोब्बर येलेवर आलाव. परवा जत्रा हाय आमच्या गावदेवीची. आनि बघा, तुमच्या चकत्या कशा क्येल्यान! चिंच लावली, राख लावली, दोन दिस घासतंय."

सर हळूच कॅन खाली ठेवत म्हणाले, "गेलं सारं."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला धुवायला?" माझा आवाज चढला. राग आला की माझा आवाज आधी चढतो आणि मी मागून पोचते. "हात लावू नका म्हटलं होतं ना मी!"

"बाहेरच्यांनी लावू नये असा बोललाव ना?" हिराबाईंचा चेहरा गोंधळला. "मी घरची. जत्रंला सगला घर धुतात. पालखी दारावरशी जाते. तुमी एवऱ्या लांबना येनार, मंग दारात एवरी घान कशी ठेवाची?"

"अवं बाई," सर कळवळून म्हणाले, "आम्ही ती घाणच न्यायला आलो होतो."

"घान?" हिराबाईंनी आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. "घान न्यावाला अमरावतीशी आलाव? ती कशी नेनार व्हताव?"

"चकत्या धुऊन," मी म्हटलं.

हिराबाईंनी वळून लखलखत्या चकत्यांकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "मंग मी काय क्येला?"

आम्हीही तेच करणार होतो. फरक इतकाच, की आम्ही मोजून घेतलेल्या शुद्ध पाण्याने, मऊ ब्रशने चकती धुणार होतो आणि ते पाणी जपून ठेवून त्यात किती मीठ उतरलं ते बघणार होतो. मी ते सांगितल्यावर हिराबाईंनी घराच्या मागे बोट दाखवलं. "पानी आलवाला घातला."

आम्ही सगळे अळवाच्या वाफ्याशी जाऊन उभे राहिलो. पानं हिरवीगार होती. सरांनी वाकून माती बोटांत चुरली, पण त्या गावात मुळात मातीच खारी, तिच्यातून आमचं मीठ वेगळं कसं काढणार? दामूबाबा पायरीवर बसून हे बघत होते. ते बायकोला म्हणाले, "तुला सांगत व्हतो, विचारून धू." हिराबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते उठून मिठागराकडे निघून गेले.

मी त्याच दिवशी परत निघणार होते. पण जत्रेच्या तोंडावर घरी आलेला पाहुणा जत्रेचं जेवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही, असा त्यांच्याकडचा नियम. हिराबाई हे भांडून सांगत्या तर मी भांडून नाही म्हटलं असतं. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, म्हणून मला मोडता घालता येईना.

जवळा, अळू आणि एक फोन

दुपारी पाटावर बसलो. तांदळाची भाकरी इतकी पांढरी, मऊ आणि पातळ, की आमच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीने लाजावं. मला निवट्यांचं कालवण होतं. हा मासा चिखलात टुणटुण उड्या मारताना मी येतानाच पाहिला होता, त्यामुळे पहिला घास घेताना जरा ओळख असल्यासारखं वाटलं. पण चव अशी, की दुसऱ्या घासाला ओळख विसरले. सरांना खास शाकाहारी म्हणून वांग्याची भाजी वाढली होती. सर आवडीने खात होते आणि मधूनच म्हणत होते, "याच्यात हे बारीक बारीक काय आहे जी? लय खमंग लागते."

"जवला हाय," हिराबाई म्हणाल्या. जवळा म्हणजे इवलीशी वाळवलेली कोलंबी.

सरांचा घास हातातच राहिला. "म्हणजे मासा?"

"जवल्याला कोन मासा म्हनतो, साहेब?" हिराबाईंना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "भाजीला वास यावाला घालतात. मासा असता तं मासा नस्ता सांगला?"

आमच्याकडे वरणात हिंग घालतात त्याच सहजतेने इथे भाजीत जवळा पडतो. सर बिचारे उठून गेले आणि पुन्हा चुळा भरायला लागले. मग त्यांच्यासाठी घाईने अळूचं फदफदं केलं, चिंच-गूळ घालून. सरांनी दोनदा मागून घेतलं. पानावरून उठताना त्यांच्या लक्षात आलं, की हे अळू कुठल्या वाफ्यातलं. म्हणाले, "मॅडम, आपला हंगाम आपणच खाल्ला." त्या दिवसातलं ते माझं पहिलं हसू. हिराबाई मात्र हसल्या नाहीत. सकाळपासून त्या पाहुण्यांना हवं-नको तेवढं विचारत होत्या, त्यापलीकडे शब्द नाही.

दुपारी मी संचालकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं करा, पुस्तकातला आकडा घ्या, कठड्याबिठड्यावरून काय दिसतं त्याचा अंदाज जोडा आणि अहवालातल्या पनवेलच्या रकान्यात घाला. बारीक अक्षरात खाली टीप द्या. मांडवाची जागाही राहील, कामही पुढे जाईल."

मी बघते म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. रकाना भरला तर मांडव वाचत होता, माझं दोन वर्षांचं भांडण वाचत होतं. आणि तो आकडा कोण तपासणार होतं? आमच्यासारखी संस्था नफ्यासाठी काम करत नाही, म्हणून तिचा आकडा कुणी सहसा तपासत नाही. तिचं यात काही अडकलेलं नाही असं समजून लोक विश्वास ठेवतात. पण माझं तर अडकलेलं होतं.

संध्याकाळी दामूबाबांनी आम्हाला मिठागर दाखवलं. भरतीचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं सरकवत नेतात, आणि प्रत्येक खाचरात ते थोडं आटतं, दाट होतं. शेवटच्या खाचरात कडेला मीठ पांढरं फुलून आलं होतं. दामूबाबा फळीने ते ओढत होते. पुढचा माणूस मिळत नाही, म्हणाले. मुलगा तळोज्याला कारखान्यात पाळीवर जातो, त्याला इथलं ऊन सोसत नाही.

अंधार पडता पडता शेतात पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. आमच्याकडे हुरड्याची शेकोटी असते, त्याची आठवण आली, पण हुरडा म्हणजे एकेकाने हातावर चोळून खायचा. इथे मडकं उघडेस्तोवर सगळ्यांनी मिळून वाट बघायची. सरांसाठी नुसत्या शेंगांचं छोटं मडकं वेगळं लावलं होतं. "ह्याच्यात जवला नाय," असं ते लावणाऱ्याने शपथेवर सांगितलं. हे वेगळं मडकं हिराबाईंनी सांगून करवलं होतं, पण त्या स्वतः पोपटीला आल्या नाहीत. जत्रेचं काम आहे, म्हणाल्या. मला ते मनाला लागलं. माझ्या एका वाक्याने त्या बाईची सणाची मजा गेली होती.

बांधावर

मुक्काम घरतांकडेच होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी निघाले. गावाबाहेर खाडीच्या बांधाजवळून खरी, चालू लाइन जाते. तिच्या चकत्या कुणी धुतलेल्या नव्हत्या. दव पडलंय, तर निदान तिथे काय होतंय ते दुर्बिणीतून बघावं, असं माझ्या मनात होतं. अंगणात हिराबाई सडा घालत होत्या. मी कुठे निघाले ते विचारलं आणि बादली ठेवून बरोबर निघाल्या. बाईमाणसाने बांधावर एकटीने जाऊ नये, एवढंच म्हणाल्या.

वाटेत गवत भिजलेलं, साडीचे काठ ओले, खाडीवर धुकं. बांधावर पोचलो तशी ती भुणभुण ऐकू आली. मोठ्या गांधीलमाश्यांचं पोळं जवळ असावं तशी.

"ही भुनभुन तं मी लगीन होऊन आले तवापासना ऐकतंय," हिराबाई म्हणाल्या. "तारंचा आवाजच तसा असता ना?"

"तारेचा नाही. वर बघा, चकत्यांकडे."

मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. ती उलटी धरली, मग सुलट केली. माळेच्या चकत्यांच्या कडेने निळसर रेघा सरकत होत्या, विझत होत्या, पुन्हा उमटत होत्या. मी हे प्रयोगशाळेत हजारदा पाहिलंय, पण उघड्यावर, धुक्यात बघताना माझ्याही अंगावर काटा आला. हिराबाईंचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

आणि एकदम कडाड् झालं. पांढरा लोळ माळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चमकला. खाडीपलीकडचे दिवे गेले, आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरले, आणि दिवे परत आले.

"आगं बाय गं!" हिराबाई बांधावरच बसल्या. "ह्या मिठाच्यान?"

"मीठ, तळोज्याची काजळी आणि दव. दव रोजचं आहे. मीठ किती बसतं तेवढंच आम्हाला मोजायचं होतं."

"आमचाच मीठ," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी पुन्हा वर पाहिलं. "ज्याच्यासाठी तुमी वरीस थांबलाव, ता मी आलवाला घातला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्या शेजारी ओल्या गवतात बसले. म्हटलं, हिराबाई, मी काल ओरडले ते चुकलंच. मी तुम्हाला हात लावू नका म्हटलं, पण ही घाण मला हवी आहे हे कधी सांगितलंच नाही. घाण कुणाला हवी असेल असं कुणाच्या मनात तरी येईल का?

"परत टांगशील?" त्या पहिल्यांदाच मला अगंतुगं करून बोलल्या.

"परवानगी मिळाली तर."

"कोन देता ती?"

"ज्यांच्या ज्यांच्या तारा आहेत, ते सगळे मिळून."

"सगले मिलून?" त्यांनी जरा विचार केला. "म्हंजे ती घान सगल्यांची व्हती?"

मी हो म्हटलं. आमच्या संस्थेची माहिती देणारं एक गुळगुळीत पत्रक आहे, त्यातही आमचं काम इतकं नीट सांगितलेलं नाही.

जत्रा झाली. पालखी दारावरून गेली, तेव्हा आमच्या लखलखीत मांडवासमोर भोई क्षणभर थबकले, आणि घरोघरीच्या सोयऱ्यांनी हिराबाईंचं कौतुक केलं. त्या हसल्या, पण माझ्याकडे न बघता. आम्ही मिठाचं पुडकं आणि सुक्या बोंबलांचं बोचकं घेऊन निघालो. बोंबलांमुळे परतीच्या डब्यात आमच्या आसपासची माणसं एकेक करून पांगली आणि आम्हाला ऐसपैस जागा मिळाली. त्याआधी पनवेलजवळचं शिरढोण, आद्य क्रांतिकारकांचं जन्मगाव, बघायचा सरांचा बेत होता, तोही त्या वासापायी राहून गेला.

माळावर

मी रकाना मोकळा ठेवला. पनवेलपुढे लिहिलं, 'मोजता आले नाही. नमुने जत्रेनिमित्त धुतले गेले.' संचालकांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हे असंच मांडणार आहात?" मी हो म्हटलं. माझा आवाज, नवल म्हणजे, चढला नव्हता.

बैठकीत सगळ्या कंपन्यांचे प्रतिनिधी होते. जत्रेचं वाक्य वाचून आधी हशा पिकला. मग एकजण म्हणाले, दोन हंगाम गेले, आता पुस्तकातला आकडा घ्या आणि मोकळे व्हा. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ, त्यांची उभी हयात किनाऱ्यावरच्या लाइनी सांभाळण्यात गेलेली, म्हणाले, "पुस्तक आमच्याकडेही आहे. ते वाचून घ्यायला आम्ही वर्गणी देत नाही." त्यावर बरीच वादावादी झाली आणि शेवटी आणखी एक हंगाम मिळाला. हाच शेवटचा, असं तीनतीनदा बजावून.

पाऊस ओसरल्यावर नव्या माळा टांगायला आमची दुसरी मंडळी गेली. मला दुसऱ्या कामाने अडकवलं होतं. बोबडे सर तोवर निवृत्त झाले होते. हिवाळाभर मी पेपरात पहिल्यांदा कोकणचं हवामान बघत असे. त्या वर्षी अवकाळी पाऊस आला नाही. पण माघ जवळ आला तशी मला जत्रेची धास्ती वाटायला लागली. फोन करावा, तर त्या बाईवर अविश्वास दाखवल्यासारखं होणार. न करावा, तर जीव टांगणीला. मी केला नाही.

जत्रेच्या दिवशी सकाळी हिराबाईंचाच फोन आला. मागे ढोल वाजत होते, त्यामुळे त्या ओरडून बोलत होत्या.

"बाय, हिरा बोलतंय! पालखी येल आता. सगला घर धुतला, अंगन सारवला, तोरन बांधला. तुझ्या चकत्यांना हात नाय लावला. काल्या ठिक्कर झाल्यान. माझी वीन आलीय, पोराची सासू, ती सगल्यांसमोर बोलली, दारात एवरी घान ठेवलीस, देवीला काय वाटल? सगली हसली मना."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगला, ती माझी नाय, सगल्यांची हाय. धुवाची नाय, नेवाची हाय." ढोल जवळ आले होते. हिराबाईंचा आवाज एकदम रडवेला झाला. "पन तू लवकर ये गं बाय. मना बघवत नाय."